त्या सकाळी लोखंडाची काडी बोलली नाही

प्रिय वहिनी,

मोठ्यांना लिहिताना वर 'तीर्थरूप' लिहायचं, असं शाळेत शिकवलं होतं. पण तीर्थरूप लिहून बसले तर पुढं खरं काही लिहिता येणार नाही, म्हणून प्रियच लिहिते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सुले, कामाचं बोल." कामाचंच आहे.

आज कंपनीला सुट्टी. सकाळी चहा झाल्यावर तुमच्या पमीनं लाल गोळ्यांची पुडी आणि तुमचा अडकित्ता माझ्यापुढं आणून ठेवला. आठवा महिना सरत आलाय तिचा, बसायचं झालं तर आधी जमिनीला हात टेकते. म्हणाली, "काकी, आता तू फोडून दे. काल नर्सबाई वरडून गेली, गोळ्या का बंद केल्या म्हणून. आय रोज फोडून द्यायची. का फोडायची ते तिनं कदी सांगितलं नाय. तुला म्हाईत हाय?"

मला माहीत आहे, वहिनी. तुम्हालाही माहीत होतं. पण मी म्हणाले, "मोठी असते गं, गिळायला त्रास होतो." वाटाण्याएवढी ती गोळी! फोडताना अडकित्ता असा निसटला की अर्धी गोळी उडून चुलीपाशी गेली. पमीनं ती उचलली, पुसली, खाल्ली आणि आत जाऊन पडली. मी मुलाची जुनी वही काढून इथं पडवीत बसले. तिला सांगायच्या आधी एकदा तुम्हाला सांगायचं आहे. जिवंत माणसाची भीती वाटते म्हणून आधी गेलेल्या माणसाला सांगते, असं म्हणा हवं तर.

आणि दुसरं असं, की उद्यापासून कंपनीतल्या तुमच्या यंत्राची चावी माझ्याकडे येणार. साहेब म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंचं काम तुमच्याशिवाय कोणाला येतं?" पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, सुलूनं नशीब काढलं. त्यांना काय सांगू?

आठवतं, तुम्ही मला पहिल्यांदा त्या यंत्रापाशी नेलंत तो दिवस? कुंभवलीतून आपण दोघी चालत निघालो होतो. दारातच तुम्ही माझ्या बांगड्या उतरवल्या, जोडवी काढायला लावली, मंगळसूत्र काढून काळा दोरा बांधायला दिलात. मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, "नवरा घरी ठणठणीत हाय, रडतेस काय? ह्या यंत्राला सोनं कळत नाय नि सौभाग्य कळत नाय. त्याला फकस्त धातू कळतो."

औषधाच्या तयार गोळ्या घसरगुंडीवरून यंत्राच्या चौकोनी बोगद्यातून खाली यायच्या. गोळीत धातूचा कण असला तर यंत्र किंचाळायचं आणि खालची झडप ती गोळी बाजूच्या डब्यात ढकलायची. वर कुलपाच्या झाकणाखाली दोन बटणं. तुम्ही मला समजावलंत, "हे पयलं, यंत्रानं कान किती टवकारायचे त्याचं. आणि हे दुसरं, कोणाकडं दुर्लक्ष करायचं त्याचं. सगळंच ऐकणारी सासू घर चालवू शकंल का? तसंच हे."

तापाच्या पांढऱ्या गोळ्यांना काही कटकट नव्हती. खरी परीक्षा लाल गोळ्यांची. गरोदर बायांना रक्त वाढायला देतात त्या. त्यांच्यात मुळात लोहाचं औषध, त्यामुळं यंत्र प्रत्येक गोळीला ओरडायचं. मग तुम्ही मूठभर गोळ्या पुन्हापुन्हा बोगद्यातून सोडायच्या आणि दुसरं बटण केसाकेसानं फिरवायच्या. गोळ्यांना यंत्र गप्प झालं की थांबायचं आणि तीन काड्या घालायच्या. प्लास्टिकच्या काड्या, एकीच्या टोकात पितळेचा कण, एकीच्या स्टीलचा, एकीच्या लोखंडाचा. तुम्ही म्हणायच्या, लाल गोळ्यांच्या वेळी पितळ बोंब मारतं, स्टील कुरकुरतं आणि लोखंड नुसतं कुजबुजतं. बटण केसभर पुढं गेलं की गोळीतल्या लोहाबरोबर खरा लोखंडाचा तुकडाही गुपचूप निघून जातो. "म्हणून लाल गोळ्यांना लोखंडाची काडी बोलली पायजे. ती नाय बोलली तर काम बंद. साहेब आला तरी बंद."

किती वेळा सांगितलंत, वहिनी. माझ्या कानात काय बोळे होते?

खंडेनवमीला तुमच्या भावाच्या घराची वास्तुशांत निघाली आणि तुम्ही माकुणसारला गेलात. जाताना घरातच चावी माझ्या हातात दिलीत. चावी दुसऱ्याला द्यायचा नियम नव्हता. तरी दिलीत, कारण एक दिवसाचा प्रश्न होता आणि मी घरचीच. "बटणाला हात लावायचा नाय. तासातासाला तीन काड्या घालायच्या. दुसरं काय नाय."

दुपारी पूजा झाली. सगळी यंत्रं धुऊन पुसून हळदकुंकू लावलेलं. बायकांनी ओवलेले झेंडूचे हार प्रत्येक यंत्रावर चढले. आपल्या यंत्राचा हार जाडजूड निघाला, फुलांच्या वजनानं दोरा तुटला. फिटरनं त्याची दोन्ही टोकं तारेनं बांधली आणि बोगद्याच्या वरच हार लटकावला. माझ्या देखत. मी वर म्हणाले, "छान दिसतो."

पूजेनंतर खरं तर सुट्टीच असते. पण संध्याकाळी गाडी जायची होती, म्हणून तीन तास लाल गोळ्या चालवायच्या ठरल्या. पंखा सुरू झाला, हार हलायला लागला, त्याची तार बोगद्यापुढं झुलायला लागली आणि यंत्र किंचाळत सुटलं. झडप खाडखाड आपटते आहे, चांगल्या गोळ्या डब्यात पडताहेत, डबा भरून वाहतो आहे. फोरमन धावत आला. "अरे बाई, सारा माल बाहर गिर रहा है. कुछ करो."

हार उतरवला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण पूजेचा हार त्याच दिवशी उतरवायचा? मी हात वर केला आणि चारपाच बायका एकदम म्हणाल्या, "नको गं, आज नको." मलाही ते अशुभ वाटलं. पमीला नुकतेच दिवस राहिलेले, घरात पहिलं नातवंड येणार, आणि मी देवाचा हार ओढून काढू? मी झाकण उघडलं आणि दुसरं बटण दोन रेघा पुढं फिरवलं. यंत्र गप्प झालं. फोरमन "शाबास" म्हणून गेला.

इथपर्यंत चूक म्हणा. पुढचं चूक नव्हतं, जाणूनबुजून केलेलं होतं. काड्या घालायची वेळ झाली तेव्हा मी लोखंडाची काडी हातात घेतली आणि परत ठेवली. कारण मला माहीत होतं ती बोलणार नाही. बोलली नाही तर काम थांबवावं लागेल, फोरमन येईल, मी बटणाला हात लावल्याचं सांगावं लागेल. मी वहीत तिन्ही काड्यांपुढं बरोबरच्या खुणा केल्या. तिन्ही तास. त्या वेळात सहा पिंपं भरली. घरी आल्यावर तुमच्या हातात चावी दिली, तेव्हाही बोलले नाही. वास्तुशांतीचे लाडू खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही सुकलेला हार उतरवलात आणि काड्या घातल्यात. पितळ बोललं. स्टील बोललं. लोखंडाची काडी एका बाजूनं आत गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, यंत्र हूं की चूं नाही. तुम्ही पुन्हा घातलीत. तिसऱ्यांदा घातलीत. तुमचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"सुले, परवा काड्या बोलल्या होत्या ना?"

"बोलल्या, वयनी. तिन्ही बोलल्या."

"बटणाला हात?"

"नाय लावला."

तुम्ही उतरवलेल्या हाराकडं, त्या तारेकडं पाहिलंत. मग माझ्याकडं. आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेलात. सहाही पिंपं परत चालवायची म्हणालात. साहेब भडकले. चावी कोणाकडं होती? "चावी माझी. मी दुसरीच्या हातात दिली, ही माझी चूक. तिची नाय." मी तुमच्या मागं चार पावलांवर उभी होते. सुंठेवाचून खोकला गेला, असं वाटलं मला, वहिनी. तुम्हाला मेमो मिळत होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. तो क्षण आठवला की स्वतःचीच किळस येते.

सहातलं एक पिंप गाडीतून केव्हाच गेलं होतं. कुठल्या तालुक्याला, कुठल्या दवाखान्याला, कोणी सांगेना. उरलेली पाच आपण दोघींनी परत चालवली. तुम्ही बटणापाशी, मी वरून गोळ्या ओतत होते. माझी पाचावर धारण बसलेली. यंत्र ओरडू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि मग वाटायचं की ओरडू दे, इथंच ओरडू दे, म्हणजे जे काय आहे ते इथं सापडेल. पाचही पिंपं गप्प गेली. तुम्ही फिटरला घेऊन गोळ्या दाबायचे लोखंडी पंच एकेक करून तपासलेत. एका पंचाची कड उडालेली होती. तांदळाच्या कणीएवढी. कधी उडाली? फिटर म्हणाला, "जुनीपण असंल, परवाचीपण असंल." ती कणी कुठं सापडली नाही.

तेव्हापासून मी ती कणी शोधते आहे. बाजारात पोट पुढं आलेली बाई दिसली की माझी नजर तिच्या तोंडाकडं जाते. बसस्टँडवर एक डोंगराकडची पोर बसली होती, कामाला निघालेली, पाचवा-सहावा महिना असेल. तिच्या पदराच्या गाठीत लाल गोळ्यांची पुडी होती. मी तिच्याकडं बघत उभी राहिले, माझी बस गेली. काय सांगणार होते तिला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि दिवाळीला पमी सासरहून, केळव्याहून आली. तिच्या पिशवीतही तीच पुडी. आरोग्यकेंद्रातून कागदात बांधून दिलेल्या सुट्या गोळ्या, ना नाव, ना नंबर. कुठल्या पिंपातल्या ते कळायला काही मार्ग नाही. तुम्ही अंगणात करंज्यांचं ताट घेऊन गेला होता. मी पमीला म्हणाले, "ह्या खाऊ नकोस गं. बाळ काळं होतं ह्यांनी." आपल्याकडं बायका म्हणतातच ना तसं. पण इतर बायकांनी सांगणं वेगळं आणि गोळ्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या काकीनं सांगणं वेगळं. पोरीनं लगेच ऐकलं.

मी तिला वाचवत होते, असंच समजत होते. खरं कारण सांगितलं असतं तर तुम्ही तेव्हापासूनच तिच्या गोळ्या तपासून दिल्या असत्या, डॉक्टरला विचारलं असतं, काहीतरी केलं असतं. पण खरं कारण सांगायचं म्हणजे काडीचं सांगायचं. त्यापेक्षा मला बाळ काळं करणं सोपं वाटलं.

पौषात पालघरच्या डॉक्टरनं तिच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि तुम्हालाच झापलं. अंगात रक्त नाही, बाळंतपणात जिवावर बेतेल म्हणाला. तुम्ही तिला माहेरी घेऊन आलात. गोळ्या का खाल्ल्या नाहीत ते तिला विचारलंत, तिनं माझं नाव सांगितलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही आत याल, माझ्या झिंज्या धराल, असं वाटलं. भाकरी करपली. तुम्ही आलातच नाहीत.

दुसऱ्या सकाळी तुम्ही सुपारीचा अडकित्ता राखेनं घासलात, उकळत्या पाण्यात घातलात, आणि पमीची गोळी त्यात धरून फोडलीत. आधी दोन तुकडे, मग चार. पात्याला काही लागतं का ते कान देऊन ऐकलंत. बोटानं चुरा चाचपलात. मग तिच्या हातावर ठेवलात.

वहिनी, तेव्हाच कळलं मला. काडीचं, खुणांचं, बटणाचं, सगळं तुम्हाला कळलं होतं. मी धीर करून विचारलं, "का फोडता ओ?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "मोठी हाय गिळायला."

का नाही बोललात? एवढा एकच राग आहे माझा तुमच्यावर. चार शिव्या दिल्या असत्या, गालफडात मारली असती, तर मी त्याच दिवशी मोकळी झाले असते. पोटच्या पोरीला रोज सकाळी जीव मुठीत धरून गोळी द्यायच्या, आणि मला एक शब्द नाही. मी आपण होऊन सांगेन म्हणून वाट बघत होता का? मग थांबायचं होतं की अजून थोडं. माघात छातीत कळ आली काय आणि पालघरला नेईपर्यंत तुम्ही गेलात काय. माझ्यासारख्या भित्र्या बाईला इतकी कमी मुदत देतात का?

तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा. त्या गडबडीत पमीच्या गोळ्यांची आठवण कोणालाच राहिली नाही. मलाही नाही. काल नर्सबाई आली, पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "रक्त थोडं वाढलेलं, ते परत उतरलं. तयारी ठेवा, रक्त द्यायला माणूस बघून ठेवा."

मघाशी इथवर लिहिलं आणि वही मिटून आत गेले. आता परत बसले आहे. सांगितलं तिला.

ती तुमच्या खाटेवर पडली होती. मी खाली बसले आणि खंडेनवमीपासून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मध्ये एकदाही बोलली नाही. तुमचीच लेक. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे बाळ काळं होतं, ते खोटं?"

"खोटं."

"दोन म्हयने मी तुझं ऐकून ह्याला उपाशी ठेवलं, काकी."

मी तिच्या पायाला हात लावायला गेले. तिनं पाय आत ओढून घेतले. भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "आयच्या नावचा मेमो अजून हाय ना कंपनीत?"

"हाय."

"आय गेली तरी चूक तिच्याच नावावर." मग म्हणाली, "उद्या सायबाला सांग. सांगितल्याबिगर माझ्यापुढं येऊ नको. माझी गोळी मी फोडीन."

वहिनी, मला भीती वाटते. खूप वाटते. साहेब उद्या फाटकाबाहेर काढतील याची वाटते. घरी हे काय म्हणतील, मोठे भाऊजी माझ्याकडं कसे बघतील, याची वाटते. ते सहावं पिंप कुठल्या बाईच्या घरी गेलं, याची तर मरेपर्यंत वाटेल. पण या सगळ्याहून जास्त, आत भिंतीकडं तोंड करून पडलेल्या या पोरीची वाटते. तिला काही झालं तर ते कणीनं झालेलं नसेल. माझ्या एका वाक्यानं झालेलं असेल.

म्हणून वचन देते ते ऐका. उद्या चावी हातात घ्यायच्या आधी मी साहेबांना सगळं सांगेन, आणि तुमचा मेमो माझ्या नावावर करून घेईन. चावी देणार नाहीत ते बरोबरच आहे. ते सहावं पिंप कुठं गेलं त्याचा कागद कंपनीत कुठंतरी असेलच, तो शोधायला लावेन, नाही शोधला तर दारातून हलणार नाही. तिथून तशीच पालघरला जाऊन माझं रक्त तपासून घेईन. मी तिची काकी, रक्ताची नाही. तरी गट जुळू शकतो म्हणाली नर्सबाई. जुळला तर पमीला लागेल तेवढं माझं काढा म्हणून सांगेन. नाही जुळला तर जुळणारं माणूस या गावात दारोदार फिरून शोधेन, आणि का शोधते आहे ते प्रत्येक दारात खरं सांगेन.

ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. ती उठून बसावी, एवढंच.

तुमची धाकटी जाऊ,
सुलू